मागच्या काट्याचं वजन, पुढच्या काट्याची पावती: एका पोर्ट-वळवणीचं प्रकरण

पार्श्वभूमी

नागपुरात पारडीच्या पुढे, भंडारा रोडच्या बाजूला एक डाळ मिल आहे. नाव सांगत नाही, मालकांशी तसं ठरलंय. कळमन्याच्या बाजारातून आणि थेट गावांतून तूर येते, डाळ होऊन बाहेर जाते. आवारात दोन वजनकाटे आहेत. फाटकाजवळ ट्रकसाठी ६० टनी, त्याला सगळे ‘गेटचा काटा’ म्हणतात. गोदामामागे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांसाठी २० टनी, तो ‘मागचा काटा’.

दोन्ही काट्यांच्या इंडिकेटरच्या, म्हणजे वजनाचा आकडा दाखवणाऱ्या यंत्राच्या, पेटीत सिरियलचं इथरनेट करणारा एक छोटा कन्व्हर्टर बसवलेला. इंडिकेटर सेकंदाला काही वेळा वजनाची ओळ पाठवतो. कन्व्हर्टर ती ओळ नेटवर्कवरून ऑफिसातल्या कॉम्प्युटरकडे ढकलतो. इथे एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे: कॉम्प्युटर कन्व्हर्टरला फोन लावत नव्हता, कन्व्हर्टर कॉम्प्युटरला लावत होता. दोन्ही कन्व्हर्टरांच्या डोक्यात एकच पत्ता भरलेला, १९२.१६८.१.१०, पोर्ट ५००१. (पोर्ट म्हणजे त्या पत्त्यावरचं एक क्रमांकाचं दार. पुढे पत्त्याचा शेवटचा आकडा तेवढा लिहितो.) गेटच्या कन्व्हर्टरचा स्वतःचा पत्ता .५०, मागच्याचा .५१.

.१० म्हणजे विंडोज ७ चा जुना डबा. काटापावतीचं सॉफ्टवेअर त्याच्यावर, एका स्थानिक मुलाने कधीतरी लिहून दिलेलं. तो मुलगा आता परदेशात. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० लाच राम राम केला होता, पण मिलला त्याचं सोयरसुतक नव्हतं. डबा दिवसातून दोनदा गोठायला लागला तेव्हा शेठनी नवा लिनक्स सर्व्हर (पत्ता .२०) आणि नवं सॉफ्टवेअर घेतलं. मी त्यांचं नेटवर्क बघतो, म्हणून जोडणीचं काम माझ्याकडे आलं. फेब्रुवारी होता. तुरीची आवक भरात, सकाळी सातपासून गाड्यांची रांग.

अडचण

नवं सॉफ्टवेअर पोर्ट ७०१० वर ऐकतं. कन्व्हर्टर ५००१ वर बोलतात. दोन ओळींचा बदल वाटतो, आणि कन्व्हर्टरच्या सेटिंगच्या पानावर तो खरंच दोन ओळींचाच असतो. फक्त त्या पानाचा पासवर्ड कुणालाच ठाऊक नव्हता. बसवून गेलेला इंजिनिअर नोकरी सोडून गेलेला. कन्व्हर्टर मूळ स्थितीत आणायचं बटण पेटीच्या आत, आणि पेटीवर वैधमापन खात्याचं सील.

हे सील म्हणजे शोभेची तार नव्हे. वैधमापन अधिनियम, २००९ प्रमाणे व्यापारात वापरायचा काटा पडताळलेला आणि मुद्रांकित लागतो, आणि वजनकाट्याची पडताळणी दरवर्षी होते. सील तोडलं की पुन्हा पडताळणी, तोवर काटा बंद. ऐन हंगामात शेठ हे ऐकूनही घेईनात. मी असतो तर मीही घेतलं नसतं.

कोणकोणते मार्ग होते

पहिला मार्ग, सील तोडणं, बाद. दुसरा, नव्या सॉफ्टवेअरला ५००१ वर ऐकायला लावणं. ते पुरवणाऱ्यांनी फोनवर सांगितलं की पोर्ट आतच बांधलेला आहे, बदल पुढच्या आवृत्तीत होईल, तीन आठवडे लागतील. तीन आठवड्यांत निम्मी तूर येऊन गेली असती.

शेठचा भाचा म्हणाला, “राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग असतं ना, ते करून टाका.” म्हणजे एका पोर्टवर आलेलं राउटरने दुसरीकडे वळवायचं. ही समजूत इतक्यांदा ऐकली आहे की इथे थांबून सांगतो. कन्व्हर्टर, जुना डबा आणि सर्व्हर एकाच नेटवर्कात, एकाच स्विचवर. एकाच गल्लीतल्या दोन घरांमधली चिठ्ठी पोस्ट ऑफिसातून जात नाही, तसं त्यांचं बोलणं राउटरपर्यंत पोचतच नाही. राउटरने वळवायचं तरी काय?

म्हणजे चिठ्ठी जिथे पडते तिथेच, .१० या पत्त्यावर, ती उचलून दुसऱ्या पोर्टवर द्यायची. त्यालाही दोन तऱ्हा. एक म्हणजे मध्यस्थ: विंडोजचा पोर्टप्रॉक्सी किंवा लिनक्सवरचा सोकॅट. हा आलेली जोडणी स्वतः घेतो, पुढे स्वतःची नवी जोडणी उघडतो आणि या हाताचं त्या हाताला देतो. दुसरी तऱ्हा म्हणजे लिनक्सच्या कर्नलमध्येच, त्याच्या गाभ्यातच, आयपीटेबल्स या साधनाने नियम लावायचा. त्यात जोडणी एकच राहते, पाकिटावरचा (नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्यावरचा) पोर्ट तेवढा आत शिरताना बदलतो. दुरून दोन्ही सारखेच दिसतात. फरक मला पुढच्या बारा तासांत कळला, खरं तर आठवला, कारण तो मला माहीत असायला हवा होता.

पहिला निर्णय: गुरुवारची रात्र

मी पोर्टप्रॉक्सी निवडला. कारण सरळ होतं, जुना डबा आधीच .१० वर होता. जुनं सॉफ्टवेअर बंद केलं, कारण ते चालू असताना ५००१ त्याच्याच ताब्यात राहतं. मग ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडला आणि नेटश इंटरफेस पोर्टप्रॉक्सी ॲड व्ही-फोर-टू-व्ही-फोर हा आदेश दिला: ऐकायचा पोर्ट ५००१, पुढे जोडायचा पत्ता १९२.१६८.१.२०, पोर्ट ७०१०. त्याच डब्याच्या फायरवॉलमध्ये ५००१ मोकळा केला. आयपी हेल्पर ही सेवा बंद होती, ती चालू करून आपोआप सुरू होईल अशी ठेवली, कारण पोर्टप्रॉक्सी तिच्याच जिवावर चालतो. हा नियम रजिस्ट्रीत लिहिला जातो, त्यामुळे डबा बंद-चालू केला तरी टिकतो. इथवर सगळं बरोबर होतं.

नव्या सॉफ्टवेअरने जोडणी नाकारली. पडद्यावर ‘अनोळखी यंत्र’. रात्रीचे साडेअकरा. पुरवठादाराच्या सपोर्टला फोन लावला, पलीकडच्या मुलाने यादी उघडायला लावली. यादीत काटा आणि त्याचा पत्ता अशी जोडी होती. गेटचा काटा .५०, मागचा .५१. तो म्हणाला, “सर, तुमची जोडणी .१० वरून येतेय. गेटच्या काट्यासमोर .१० टाका, चालेल.”

टाकलं. चाललं. गेटच्या काट्यावर मिलचाच एक रिकामा ट्रक चढवून पाहिला, आकडा बरोबर आला. मागचा काटा रात्री बंद असतो. मी गाडी काढून मानेवाड्याला घरी गेलो.

त्या यादीतच सगळं लिहिलेलं होतं. काटा कोणता ते सॉफ्टवेअर फक्त पत्त्यावरून ओळखत होतं. मध्यस्थ स्वतःची जोडणी उघडतो, म्हणून पलीकडे मध्यस्थाचाच पत्ता दिसतो. दोन्ही काटे आता .१० होते. ‘अनोळखी यंत्र’ ही तक्रार नव्हती, इशारा होता, आणि मी तो यादीत एक आकडा भरून गप्प केला. या प्रकरणात मला परत मिळावा असा एकच क्षण मागायचा तर तो हाच.

शुक्रवारची सकाळ

आठला मागचा काटा सुरू झाला. नऊला मुनीमजींचा फोन.

“भाऊ, मागच्या काट्यावर ट्रॅक्टर उभा आहे, न् पावतीवर ट्रकचं वजन येऊन राह्यलं.”

“किती?”

“बाहेरच्या बोर्डावर सहा हजार चारशे ऐंशी. पावती म्हणते अठरा हजार तीनशे पन्नास. काहून?”

पोचलो तेव्हा काट्याभोवती पंधरा-वीस माणसं. दोन्ही काट्यांच्या ओळी एकाच नावाखाली येत होत्या, पडद्यावरचा आकडा नाचत होता, आणि ऑपरेटरने बटण दाबलं त्या घडीला ज्या काट्याची ओळ शेवटची आली असेल तिचं वजन छापलं जात होतं. एकूण ११ पावत्या निघाल्या होत्या. इंडिकेटरच्या स्वतःच्या नोंदींशी पडताळल्यावर त्यातल्या ३ चुकीच्या निघाल्या. नशीब एवढंच की तिन्ही गाड्या आवारातच होत्या. भरगाडी मोजून झाली होती, रिकाम्या गाडीचं वजन व्हायचं होतं, म्हणून पैशाचा हिशेब झालेला नव्हता.

ट्रॅक्टरवाल्या शेतकऱ्याला मी समजावायला गेलो की काटा बरोबर आहे, मधल्या जोडणीत घोळ झालाय. ‘मधल्या’ हा शब्द माझ्या तोंडून जायला नको होता. तो लगेच म्हणाला, “म्हंजे मधात काहीतरी बसवलं न् तुम्ही?” मागून कुणीतरी ‘काटा मारून राह्यले’ असं बोललं. इथे चूक त्याच्या फायद्याची होती, त्याला जवळपास बारा टन जास्त दाखवत होती, तरी त्याचा विश्वास उडाला. बरोबरच आहे त्याचं. आज वर चुकणारा काटा उद्या खाली चुकेल.

शेठनी तिथल्या तिथे निर्णय घेतला, आणि माझ्या मते अख्ख्या प्रकरणातला तो सर्वांत शहाणा निर्णय: कॉम्प्युटर बंद. दिवसभर बाहेरच्या बोर्डावरचा आकडा वहीत हाताने लिहायचा, गाडीवाल्याने स्वतः लिहायचा, खाली सही करायची. रांग पार रस्त्यापर्यंत गेली. पण भांडण मिटलं.

दुसरा निर्णय: मध्यस्थ काढून टाकणं

दुपारी तर्री-पोह्याच्या प्लेटीसमोर बसून कागदावर आकृती काढली. सोकॅटचा विचार केला आणि सोडला. तोही मध्यस्थच. फोर्क हा पर्याय देऊन तो एकाच वेळी अनेक जोडण्या घेतो, पण पुढे जाताना मूळ पत्ता पुसला जाणारच. दोन काट्यांसाठी दोन सोकॅट लावावे, तर दोघंही एकाच पत्त्यावर एकाच पोर्टला फोन लावतात, मग दारातच वेगळं कोण करणार?

आयपीटेबल्सचा डीनॅट (पाकिटावरचा पोचायचा पत्ता बदलणारा नियम) वापरून पाकीट एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर पाठवता आलं असतं. मात्र एकाच नेटवर्कात त्याची एक खोड आहे. सर्व्हर उत्तर थेट कन्व्हर्टरला देतो, कन्व्हर्टर म्हणतो मी तर .१० शी बोलत होतो, हा .२० कोण, आणि जोडणी मोडते. ती जुळवायला मास्करेड (पाठवणाऱ्याच्या जागी मधल्या यंत्राचा पत्ता घालणं) लावलं की मूळ पत्ता पुन्हा गेला. आलो त्याच खड्ड्यात.

म्हणून यंत्रच एक केलं. जुन्या डब्याचा पत्ता .११ केला आणि पोर्टप्रॉक्सीचा नियम पुसला. लिनक्स सर्व्हरला .२० शिवाय .१० हा दुसरा पत्ता दिला. मग नॅट टेबलच्या प्रीराउटिंग साखळीत, म्हणजे बाहेरून आलेलं पाकीट आत शिरताच लागणाऱ्या नियमांत, दोन नियम घातले: .५० कडून ५००१ ला येणारं टीसीपी ७०१० वर रिडायरेक्ट कर, .५१ कडूनही तसंच. एकाच नियमात दोघांचं काम झालं असतं. वेगळे ठेवले ते प्रत्येक नियमाचा मोजणी-आकडा वेगळा दिसावा म्हणून, त्याचा उपयोग पुढे झाला. रिडायरेक्टमध्ये पाकिटावरच्या पाठवणाऱ्याच्या पत्त्याला कुणी हात लावत नाही. सॉफ्टवेअरला .५० हा .५० च दिसतो. यादीत भरलेला तो .१० अर्थातच आधी काढला.

रात्री नऊला बसलो, साडेअकराला सुटलो. प्रत्यक्ष काम दहा मिनिटांचं, बाकी वेळ भुतांमागे गेला.

पहिलं भूत: सर्व्हरवरूनच एनसी (जोडणी तपासायचा आदेश) चालवून .१० च्या ५००१ ला जोडून पाहिलं, तर जोडणी नाकारली. नियम चुकला समजून तो तीनदा पुसून लिहिला. नियम बरोबरच होता. यंत्राने स्वतःशीच केलेलं बोलणं प्रीराउटिंगमधून जातच नाही, ते आउटपुट साखळीतून जातं. चाचणी दुसऱ्या यंत्रावरून घ्यायला हवी होती. आणि नियम दोन पत्त्यांपुरताच असल्याने भलत्याच लॅपटॉपवरूनही चालणार नव्हती. थोडा वेळ लॅपटॉपच्या पत्त्याचा तिसरा नियम लावून पाहिला, मग काढला.

दुसरं: सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये मी ५००१ उघडला होता. पण पाकीट इनपुट साखळीत पोचतं तोवर त्याच्यावर ७०१० लिहिलेलं असतं. उघडायचा तो ७०१०, आणि तोही फक्त या दोन पत्त्यांसाठी. गंमत अशी की टीसीपीडंपमध्ये (येणारी-जाणारी पाकिटं दाखवणारं साधन) पाहिलं तर येणारं पाकीट ५००१ चंच दिसतं, कारण टीसीपीडंप ते बदलण्याआधी पाहतो. चालू जोडण्यांची यादी देणारा एसएस मात्र ७०१० दाखवतो. दोन्ही खरं बोलतात, फक्त वेगवेगळ्या दारांत उभे राहून.

तिसरं: सगळं ठीक झालं तरी मागचा काटा येईना. त्याच्या कन्व्हर्टरला अजून .१० म्हणजे जुना डबाच वाटत होता, त्याचा हार्डवेअर पत्ता त्याने लक्षात ठेवलेला. सर्व्हरवरून आर्पिंगने ‘.१० आता मी आहे’ अशी दवंडी पिटवली, काही सेकंदांत आकडा आला.

या खेपेला घरी जाण्याआधी दोन्ही काटे चालू ठेवून, दोन्हींवर एकाच वेळी वेगवेगळ्या गाड्या उभ्या करून पाहिल्या. ही चाचणी गुरुवारी पाच मिनिटांत झाली असती.

सोमवारची पहाट

प्रकरण इथे संपलेलं नाही. सोमवारी साडेसहाला पुन्हा मुनीमजी: दोन्ही काटे गायब. रविवारी रात्री वीज गेली, यूपीएसच्या बॅटरीने मान टाकली, सर्व्हर बंद होऊन पुन्हा सुरू झाला. आयपीटेबल्सचे नियम मेमरीत राहतात. जपून ठेवले नाहीत तर सर्व्हर उठतो तो कोरा. दुसरा पत्ता मी सेटिंगच्या फाइलीत लिहिला होता, तो राहिला. नियम मात्र शुक्रवारच्या रात्री ‘उद्या निवांत सेव्ह करू’ म्हणून सोडले होते.

घरूनच जोडून नियम पुन्हा लावले, नेटफिल्टर-पर्सिस्टंट सेव्ह हा आदेश दिला, आणि शेठची परवानगी घेऊन सर्व्हर मुद्दाम एकदा बंद-चालू केला. नियम टिकले. पहिली गाडी सव्वासातला मोजली गेली. विचित्र गोष्ट ही की ज्या पोर्टप्रॉक्सीला मी शिव्या घातल्या, त्याचा नियम या रात्रीतून सहज वाचला असता.

काय झालं

पुढचे तीन आठवडे वही चालू ठेवली. गाडीवाला बोर्डावरचा आकडा स्वतः लिहायचा, पावतीशी जुळवायचा. ही सूचना मुनीमजींची. मी टीसीपीडंपमधून पाठवलेले आणि पोचलेले बाइट सारखेच आहेत हे शेठना दाखवलं होतं. त्यांनी मान हलवली, पण त्यांचा जीव भांड्यात पडला तो वहीने. चुकीची पावती पुन्हा निघाली नाही. ट्रॅक्टरवाला शेतकरी महिनाभराने पुन्हा तूर घेऊन आला, वहीत आकडा लिहिताना माझ्याकडे पाहून म्हणाला, “आज मधात काही नाही ना?”

पुरवठादाराची नवी आवृत्ती तीन नव्हे, सात आठवड्यांनी आली. तोवर कुणाला तिची गरज उरली नव्हती, आणि चालत्या गाडीला खीळ घालायला शेठ तयार नव्हते.

पुन्हा करायचं झालं तर

सुरुवात नव्या सॉफ्टवेअरला एक प्रश्न विचारून करीन: काटा कोणता ते तू कशावरून ओळखतोस? उत्तर ‘पत्त्यावरून’ असेल तर मध्यस्थ पद्धती तिथेच गळतात. एकच काटा असता तर पोर्टप्रॉक्सी अगदी योग्य होता, आजही मी तो एका दुकानात बिनघोर वापरतो.

हंगामात रात्री बदल करून घरी जाण्याची सवयही सोडली आहे. सकाळी पहिल्या दहा गाड्या होईपर्यंत तिथेच बसायचं. आणि सपोर्टच्या मुलावर मी राग काढला नाही. त्याला त्याच्या पडद्यावर एकच काटा दिसत होता. दोन आहेत हे मला माहीत होतं.

नियमाबद्दल एक चिठ्ठी सर्व्हरच्या डब्यावर चिकटवली आहे: काय वळवलंय, का, कधी, आणि कधी काढायचं. मुनीमजींनी ती मराठीत मागून घेतली. वीज परत आल्यावर काय तपासायचं हेही त्यांनी तिच्यावर स्वतःच्या अक्षरात जोडलं.

वार्षिक पडताळणी जूनमध्ये झाली. निरीक्षकांसमोर पेट्या उघडल्या, तेव्हा काट्याच्या कंपनीच्या माणसाने दोन्ही कन्व्हर्टर मूळ स्थितीत आणून नवा पत्ता आणि ७०१० भरला. पेट्यांना पुन्हा सील लागलं. मी नियम लगेच पुसले नाहीत. नॅट टेबलातला आकडा प्रत्येक नव्या जोडणीचं पहिलंच पाकीट मोजतो, म्हणजे कुणी अजून जुन्या दाराने येत असेल तर तिथे दिसणारच. आकडे शून्यावर आणून आठवडाभर थांबलो.

गेटच्या काट्याचा आकडा शून्य होता, तो नियम काढला. मागच्या काट्याचा ९ होता. त्या माणसाने सेटिंग भरली, पण कन्व्हर्टरमध्ये जपून ठेवण्याचं बटण दाबायचं राहिलं असणार, पहिल्यांदा वीज गेली तशी ती पुसली गेली. नव्या पासवर्डने आत शिरायला गेलो तर तोही पुसलेला, जुनाच मागत होता. पेटीवर तारीख घातलेलं नवं सील होतं. तो दुसरा नियम आजही चालू आहे, चिठ्ठीवरची तारीख मुनीमजींनी खोडून पुढच्या जूनची केली आहे.